रस्त्यापलीकडचा सोमवार

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ट्वीड हेड्स गावात रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. अलीकडे न्यू साउथ वेल्स, पलीकडे क्वीन्सलँड. राजा दोघांचा एकच, इंग्लंडचा, पण त्याच्या वाढदिवसाची सुट्टी आम्ही जूनमध्ये घेतो आणि पलीकडचे ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे जूनच्या त्या सोमवारी ग्लेनिसच्या कॅफेत सुट्टी होती आणि समोरच्या कॅफेत नुसता सोमवार.

सुट्टीच्या दिवशी कामावरच्या माणसाला दुपटीहून जास्त पगार द्यावा लागतो. म्हणून ग्लेनिसनं दारात पाटी लावली : आज बिलावर पंधरा टक्के जादा. शनिवार-रविवार पावसानं धुऊन नेले होते. भाडं थकलं होतं; आजचा गल्ला जमला नाही, तर उद्या जागामालकाला किल्ली द्यायची होती. बाईची झोप उडाली होती.

गिऱ्हाइकं यायची, पाटी वाचायची आणि रस्ता ओलांडायची.

"पंधरा टक्के? राजा स्वतः कॉफी घेऊन आला तरी देणार नाही," एक जाडा गृहस्थ म्हणाला.

"मग त्यालाच सांगा की, सोयीच्या दिवशी जन्म घे म्हणून!" ग्लेनिस ओरडली. तो हसत हसत पलीकडे गेलासुद्धा.

दहा वाजेपर्यंत चार कॉफ्या खपल्या. मग तिच्या डोक्यात किडा वळवळला. तिनं पाटी काढली, घडीची टेबलं खांद्यावर घेतली आणि रस्त्यापलीकडच्या हिरवळीवर मांडली. आता गिऱ्हाईक क्वीन्सलँडमध्ये बसणार, मग जादा आकार कसला? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसलीच ही टेबलं. पण माणसं खरोखर येऊन बसली. सहाही टेबलं भरली.

स्वयंपाक, कॉफी, वाढणं, सगळं कामावरच्या एकट्या शेरिलच्या हातात होतं. अकरा वर्षं ती इथं होती; ग्लेनिसला धड दूध तापवता येत नव्हतं. शेरिल ट्रे घेऊन निघाली, तशी ग्लेनिसनं तिला दारातच अडवलं.

"शेरिल, ऐक ना. आज तू तिकडेच वाढतेयस. तिकडे साधा सोमवार आहे. पगारही साधाच धरूया का?"

"म्हणजे माझे पाय कुठं पडतात त्यावर माझा पगार?"

"अगं, फक्त आजच्या दिवस. नाहीतर मी मेले बघ."

शेरिलनं एक खेप केली. परत आली, दुसरी केली. मग रिकामा ट्रे काउंटरवर ठेवून ती ॲप्रनची गाठ सोडायला लागली.

"हे काय?"

"माझ्या पोराची शाळा ह्या बाजूला आहे. त्याला आज सुट्टी आहे. सकाळी दारात उभा राहून रडत होता. मी म्हटलं, आजचा पगार दुप्पट आहे रे, जाऊ दे मला. तो पगार साधाच असेल, तर माझी सुट्टी मला परत दे."

"दुप्पट देते! अगं, देते म्हणतेय ना! चुकलं माझं, थांब."

"कुठून देशील?"

गल्ला दोघींनाही दिसत होता. शेरिलनं तिचा दंड घट्ट धरला. शेरिलचे डोळे भरले होते. "तू वाईट नाहीस गं," ती म्हणाली, "पण माझ्या वेळेशिवाय माझ्याकडे तरी दुसरं काय आहे विकायला?" आणि ती घरी गेली.

पलीकडे माणसं वाट बघत होती. ग्लेनिसनं चुलीवर अंडी टाकली, ती करपली. कॉफीचं दूध उतू गेलं. ती पुन्हा पुन्हा बाहेर येऊन "आलेच, आलेच" म्हणून हात करत राहिली. थोड्या वेळानं एक कुटुंब उठून तिथल्याच कॅफेत शिरलं. मग दुसरं. शेवटी एक म्हातारी रस्ता ओलांडून ग्लेनिसच्या दारात आली.

"आमच्या अंड्याच्या रोलचं काय झालं गं, बाई?"

"बंद केलं," ग्लेनिस म्हणाली.

"सुट्टी म्हणून?"

ग्लेनिसनं होकारार्थी मान डोलावली आणि दार लावून घेतलं.