टाचेची झीज

मुलगी आंघोळीला गेली तसे वडिलांनी दाराशी ठेवलेले तिचे बूट उचलले, उलटे केले आणि टाचा पाहिल्या. दोन्ही सारख्याच झिजल्या होत्या. त्यांनी बूट खाली ठेवले आणि चहाचं आधण चढवलं.

त्यांचा सगळा जन्म बुटांच्या दुकानात गेला होता. गिऱ्हाइकाचा चेहरा ते विसरत, पाय विसरत नसत. बायकोचा आजारही त्यांना आधी चपलेवरूनच दिसला. हातातून कप निसटणं, चालताना तोल जाणं हे पुढचं. त्याआधीच तिच्या डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाने खाल्ली गेली होती. चप्पलच हलकी निघाली, असं ते तिला म्हणाले होते.

बायको वारल्यावर डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला बोलावलं. हा आजार आईकडून मुलीत उतरू शकतो, म्हणाल्या. मग कागदावर काढून दाखवलं. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब, गुंडाळलेला धागा. त्या धाग्याचा एकेक तुकडा म्हणजे जनुक, शरीराला एकेक काम सांगणारं. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईचं, एक वडिलांचं.

"म्हणजे हिच्या आईनं प्रत्येक जोडीतला एकेकच बूट हिला दिला," ते म्हणाले.

बाई हसल्या. तसंच, म्हणाल्या. आईच्या एका जोडीतला एक खराब होता, आणि या आजाराला तेवढा एक पुरतो. तो हिच्याकडे आला की चांगला आला, ते कुणाच्या हातात नव्हतं. तपासल्याशिवाय कळणार नाही.

कशाला तपासायचं, असं ते घरी येऊन म्हणाले. तू सगळी माझ्यावर गेलीस, नाक बघ तुझं. नाकाचा आणि याचा काही संबंध नाही, बाबा, एवढंच ती म्हणाली आणि रक्त देऊन आली.

सकाळी टाचा पाहिल्या त्याच दिवशी दुपारी निकाल कळला. खराब होता तोच तिच्याकडे आला होता. आज तिला काही झालेलं नव्हतं. कधी सुरू होईल ते बाईंना सांगता येत नव्हतं, पण होणार होतं.

दोघं परत निघाले. वळणावर ती थांबली. नवे बूट घ्यायचेत, म्हणाली. त्यांच्या दुकानात ती गिऱ्हाइकासारखी बाकावर बसली आणि ते नेहमीसारखे तिच्या पायाशी.

"रोज सकाळी माझे बूट उलटे करून बघता ना?"

त्यांनी नव्या बुटाची नाडी ओवायला घेतली.

"जन्म बुटांत काढलात, आणि परत ठेवताना डावा उजवीकडे ठेवता."

ते नाडी ओवत राहिले.

"बघत जा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर. आणि दिसलं की आधी मला सांगायचं. चप्पल हलकी निघाली म्हणायचं नाही. आईला कळलं होतं ते."

"बरं," ते म्हणाले.

नाडी बांधून त्यांनी सवयीने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. बायकोच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब होतं. तिला कायम एक नंबर मोठा लागायचा.

"बोट टेकतंय," ते म्हणाले. "तिच्यासारखंच. थांब, मोठा आणतो."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि आतल्या खोक्यांकडे गेले.