लिंबाला बांधलेली ट्यूब

मंजुश्रीला पाळण्यात घातलं, त्याच वर्षी चिंताकी गावात तिच्या वडिलांच्या, धनराजच्या, दारात नवा ट्रॅक्टर आला. त्याच्या मागच्या चाकात मी होते. मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे.

चाकाच्या आत राहणारीला जग दिसत नाही, पण वजन कळतं. तुरीची पोती, ओलं काळं रान, सगळं मी पेललं. बाभळीचे काटे टोचले, ठिगळं लागली, तरी मी हवा धरून राहिले. पुढं ठिगळालाही जागा उरली नाही, तेव्हा धनराजनं मला गोठ्यात खुंटीला अडकवलं. माझ्यावर चिमण्या बसू लागल्या.

मंजू तोवर मोठी झाली होती. कलबुर्गीला हॉस्टेलात राहून ती टेनिस खेळायची. एका उन्हाळ्यात ती घरी आली ती खांदा धरूनच. सर्व्हिसला हात वर गेला की कळ यायची, आणि निवडीचे सामने तर दिवाळीनंतर होते.

धनराज म्हणाला, "खांदा बरा झाला न्हाई तर हॉस्टेल बंद. हात मोडून घेऊन काय खेळायलीस?"

तिच्या कोच नेत्रावती मॅडमनी खांद्याच्या व्यायामाला ओढायला दिलेला रबरी पट्टा उंदरांनी कुरतडला. तेव्हा तिच्या आज्जाला, बसवंतप्पाला, माझी आठवण झाली. आज्जा जुने पैलवान. त्यांनी विळ्यानं माझा वीतभर रुंद पट्टा कापला आणि अंगणातल्या कडुलिंबाला बांधला.

"आज्जा, एवढा रुंद कामून?"

"जड ओढल्याबिगर अंग तयार व्हतंय व्हय? ओढ!"

मंजू दात-ओठ खाऊन ओढायची. दमली की मला सोडून द्यायची आणि मी फाटकन बुंध्यावर आपटायची. आठवडा व्हायच्या आत तिला वेणी घालायलाही हात उचलेना. त्या संध्याकाळी आज्जा भाकरीला शिवले नाहीत. मंजूनं फोन लावला. पलीकडून मॅडमनी दोघांना चांगलं झापलं.

"अज्जारे, कुस्तीत गडी पडला की काम संपलं. हिचा चेंडू गेला तरी हात जोरात पुढं जातच असतोय. त्याला आवरायचं कुणी? खांद्यानंच. आधी दुखणं उतरू द्या. मग दोन बोटांची पट्टी घ्या, आणि सोडताना सावकाश."

"म्हंजे पोरीला सोडायला शिकवायचं?" आज्जा हसले. "मी तर जन्मभर धरायलाच शिकलो की!"

दुखणं उतरल्यावर त्यांनी मला पुन्हा कापलं. आता मी अरुंद झाले. कमी झाले असं मात्र मला वाटलं नाही. रोज सकाळी आज्जा लिंबाखाली बाजेवर डोळे मिटून पडायचे. "मी झोपायलोय. मला जागं करू नकोस," एवढंच सांगायचे. मंजू मला ओढायची आणि दम धरून परत जाऊ द्यायची. घाई झाली की मी आपटायची. आज्जा एक डोळा उघडायचे, "आली का म्हैस उधळून!"

"म्हैस कुणाला म्हणायलाव?"

"न्हाई गं, ट्यूबला म्हणलो."

दिवाळीनंतर कलबुर्गीला मैदानाच्या जाळीला मला बांधून मंजूनं खांदा मोकळा केला. सामना तिसऱ्या सेटपर्यंत गेला. एरवी तिथंच तिचा हात पडायचा. मी जाळीवरून पाहत होते. शेवटच्या सर्व्हिसला हात पुरता वर गेला, चेंडू गेला, आणि खांद्यानं तो हात अलगद आवरून घेतला. तिची निवड झाली. धनराज लाजत मॅडमना म्हणाला, "तिची हॉस्टेलची जागा राहू द्या."

मित्रांनो, रबराला उन्हात टाकू नका. ओढायच्या आधी चीर पडली आहे का ते पाहा. अंगालाही तसंच जपा. जोर लावता येणं चांगलंच, पण लावलेला जोर परत घ्यायला जास्त ताकद लागते, हे मला माझ्या अंगावरून कळलं आहे.

यंदा मंजू सुट्टीला घरी आली होती. एका सकाळी तिनं सगळा व्यायाम केला आणि मी एकदाही आपटले नाही.

"आज्जा, आज एकदाबी आवाज न्हाई!" ती म्हणाली.

बाजेवरून उत्तर आलं नाही. तिनं जवळ जाऊन हात धरला.

बसवंतप्पा यंदा कारहुणवीच्या, बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी सकाळी, लिंबाखाली वारले.