न सांगता घासलेली भांडी

स्त्रियांच्या कलेसाठी असलेलं यंदाचं पहिलं बक्षीस एका वायरमनला मिळालं. म्हणजे, नाही मिळालं. तसं काही झालेलंच नाही. आपण सुरुवातीपासून बघू.

वायरमनची बायको कलाकार. घरकामात बाईचं आयुष्य कसं झिजतं, हे दाखवायला तिनं सगळा उन्हाळा खरकटी भांडी जमवली. करपलेलं पातेलं, चहाचा गाळ सुकलेले कप, दुधाची साय धरलेली कढई. प्रदर्शनाच्या सभागृहात खरं सिंक बसवून, खरा नळ जोडून, तिनं ती रचली. भांड्यांना कुणीही हात लावायचा नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. फक्त नवऱ्याला सांगायचं राहिलं. तो भांड्यांना हात लावेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी घरी त्यांचं वाजलं होतं.

"सगळं सांगावंच लागतं का रे तुला? कधीतरी न सांगता कर की!"

ते त्याला लागलं. सकाळी दिवे जोडायला तो सभागृहात आला, सिंक पाहिलं आणि त्याला भरून आलं. त्यानं बाह्या सरसावल्या.

शेवटचं पातेलं उपडं घालून तो वळला, तर मागे परीक्षक उभे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबू नका हो," प्रदर्शनाच्या संचालिका मॅडम कुजबुजल्या.

"मॅडम, मी वायरमन आहे."

"लिहून घ्या," मॅडम परीक्षकांना म्हणाल्या.

तेवढ्यात बायको आली. तिनं चकचकीत भांड्यांकडे पाहिलं.

"सगळी?"

"सगळी."

"पातेल्याचा तळ पण?"

"तारेच्या घासणीनं," तो म्हणाला. अभिमान अजून पुरता उतरला नव्हता. मग तिचा चेहरा पाहिला आणि उतरला.

"घरी एक चमचा विसळला नाहीस कधी," ती खोक्यावर बसत म्हणाली. "आणि माझं वाटोळं मात्र किती मन लावून केलंस रे."

"मी सांगतो ना त्यांना."

त्यानं सांगितलं. ही कलाकृती बायकोची होती, मी ती धुऊन टाकली. दाढीवाल्या परीक्षकांनी डोळे पुसले. "पुरुषाचा इतका स्वच्छ कबुलीजबाब मी ऐकला नव्हता."

त्यानं बक्षीस नाकारलं, तर श्रेय नाकारणारा पुरुष म्हणून त्याला शाल जास्तीची मिळाली. तो पळून जायला निघाला, तर ते कलाकृतीचा उत्तरार्ध म्हणून धरण्यात आलं. शेवटी मॅडमनी बायकोच्या हातात माइक दिला. "असा नवरा मिळाल्याबद्दल दोन शब्द बोला ना."

तिनं माइक तोंडाशी नेला. मग खाली ठेवला आणि ती घरी गेली.

भांडी पुन्हा तशी करायला त्यानं घरी दूध करपवून पाहिलं. करपलं ते, पण नुसतंच करपलं. पातेलं तिच्यापुढे धरलं, तर ती म्हणाली, "राहू दे. घासून ठेव."

मग त्यानं अर्ज केला:

'महोदया, विनंती करण्यात येते की, सदर दिवशी अर्जदार सभागृहात हजर नव्हता असे समजण्यात यावे. बक्षीस मूळ कलाकाराच्या नावे वर्ग करण्यात यावे. आणि सर्व भांडी तपासून, होती तशी खरकटी करून, तिच्या ताब्यात देण्यात यावीत.'