ओळंबा

आमच्या दादाला लोकांचं भलं करायची खोड आहे. विचारायचं नाही, सांगायचं नाही, परस्पर करून मोकळा. आई गेल्यावर तिचे सगळे कपडे असेच वाटून आला. मी भांडले तर म्हणाला, तुला बघून त्रास झाला असता. माझा त्रास यानं ठरवायचा!

बाबांनी जन्मभर पिनबॉलची, म्हणजे काचेखाली गोळी टोलवायच्या खेळाची मशीनं दुरुस्त केली. पुढे लोकांच्या हातात फोन आले आणि मशीनं भंगारात गेली. एक तेवढं बाबांनी तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये ठेवून घेतलं. डावीकडचं बटण झिजून पार गुळगुळीत झालेलं. जेवण झालं की स्वारी खाली. आई त्याला सवत म्हणायची. एका लोखंडी गोळीत एवढं काय ठेवलंय, मलाही कळायचं नाही. एकदा विचारलंच. तर म्हणाले, गोळी खड्ड्याकडे निघाली की मशीनला हलकासा धक्का द्यायचा. तेवढी लबाडी ते चालवून घेतं. पण आत ओळंबा टांगलेला असतो, गवंड्याचा असतो तसाच, भोवती तारेचं कडं. धक्का जास्त झाला की ओळंबा कड्याला टेकतो, दिवे जातात, खेळ खलास. किती खपेल ते हाताला कळायला हवं, म्हणाले, म्हणून तर माणूस परत परत येतो. बाबा तो ओळंबा फार कडक लावायचे. कॅफेतली गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि पुन्हा यायची.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडायचा, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. ते त्यांनी सोसलं. पण मशीनवर हात ठेवला की थरथर थेट ओळंब्यापर्यंत जायची आणि गोळी सुटायच्या आत दिवे बंद. बरेच दिवस झगडले, मग खाली जाणंच सोडलं. जेवण कमी झालं, बोलणं तर नावाला. माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

एके दिवशी दादानं हट्टानं बाबांना खाली पाठवलं आणि थोड्या वेळानं खालून हाक आली. बाबांचा अख्खा डाव खेळून झाला होता! त्याच सुमारास डॉक्टरही म्हणाले की हात सुधारतोय. बाबा पोटभर जेवायला लागले, स्वतःची दाढी स्वतः करायला लागले, जुन्या कॅफेवाल्या दोस्ताला फोन करून खेळायला ये म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

कॅफेवाला यायच्या आदल्या दिवशी मी खाली बसले होते. बाबा रंगात आले होते. गोळी निसटतेय म्हणून त्यांनी कमरेनं चांगला दणका दिला. काहीच झालं नाही. त्यांनी खांद्यानं आणखी जोरात दिला. दिवे लखलखतच राहिले. बाबांनी बटणं सोडली, गोळी खड्ड्यात जाऊ दिली आणि मला बॅटरी धरायला सांगितली. पुढचं झाकण उघडलं. कडं जागेवर होतं, ओळंबा नव्हता.

दादाला बोलावलं. त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यालाच ओळंबा अडकवलेला होता.

"तुम्ही खूश होता ना बाबा? शेवटी खेळच तर आहे."

बाबांनी हात पुढे केला. ओळंबा घेतला आणि बसवायला लागले. स्क्रू सारखा हातातून पडत होता. मी पुढे झाले तर त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. नेहमीसारखाच कडक लावला, झाकण बंद केलं. मग वर न बघता विचारलं, "डॉक्टर म्हणाला हात सुधारतोय. तेही तूच सांगायला लावलंस?"

काहीतरीच काय बाबा, असं मी म्हणणार होते. पण दादाकडे बघितलं. तो बुटाच्या टोकानं फरशीवरचं ग्रीस खरवडत होता. अस्सा संताप आला मला!

बाबांनी मशीनवर दोन्ही हात ठेवले. दिवे गेले. त्यांनी पुन्हा चालू केलं. पुन्हा गेले. मला बघवेना, मी वर आले.

कॅफेवाल्याला त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं. आता रोज खालीच असतात. जेवायला बोलव म्हणून दादा मला सांगतो. मी म्हणते, तूच जा. तो जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो.

काल त्यांनी सूप प्यायलं, एक थेंब सांडला नाही. खरंच नाही, मी नीट बघितलं. सांगायला तोंड उघडलं, तर आता दादाकडे बघतात तसंच बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाटी उचलली.