मधला लॅपटॉप

हंबीररावांनी काउंटरवरचा लॅपटॉप मिटला, उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला. बाजारात कलिंगडसुद्धा ते असंच घेत.

"लय हलका हाय गं," ते सुनेला म्हणाले. "मावंल का ह्यात तुजं सगळं?"

"मावतंय, आबा," संयोगिता म्हणाली.

सांगलीत विश्रामबागेतल्या त्या दुकानात दोघांना येऊन बराच वेळ झाला होता. संयोगिता इथल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. मूळची वडूजची. पहिली दोन वर्षं होस्टेलवर काढली आणि उन्हाळ्यात लग्न होऊन पलूसजवळच्या गावात आली. आता तिथून रोज एसटीनं कॉलेज. शिक्षण पुरं करायचं, हे लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. माहेरचा लॅपटॉप ती धाकट्या बहिणीला, साक्षीला, ठेवून आली होती आणि कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून प्रोजेक्ट करत होती. नवरा यशराज फौजेत, राजस्थानात. त्याला हे कळलं तेव्हा तो फोनवर एवढंच म्हणाला, आबांना घेऊन जा. आबांनी त्याच आठवड्यात इस्त्रीचा सदरा काढला.

काउंटरपलीकडच्या जीनतनं आणखी एक लॅपटॉप पुढं सरकवला.

"मॅडम, नुसतं कॉलेजचं काम, की गेमिंगपण? त्यावर सगळं ठरतं. गेम खेळणार असाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड बघावं लागेल. हा किमतीनं मधला आहे, त्यात कार्ड आहे."

संयोगितानं खांद्यावरची ओढणी उगाचच सारखी केली.

"छे, गेम कुठला," ती म्हणाली. "कॉलेजपुरताच पायजे."

पण तिचा हात तोवर त्या मधल्या लॅपटॉपवर गेला होता आणि बोटं आपोआप बाणांच्या बटणांवर जाऊन बसली होती. जीनतनं ते पाहिलं. हंबीररावांनीही पाहिलं.

"आलोच मी," असं म्हणून ते फोन काढत काचेच्या दाराबाहेर गेले.

संयोगितानं हात मागं घेतला. काचेतून तिला ते फूटपाथवर येरझाऱ्या घालताना दिसत होते. एवढं काय बोलतायत, तिला कळेना. घरी कुणी तिला कधी टोचून बोललं नव्हतं. सासूबाई तर भाकरीला तूप लावून तिच्या ताटात सरकवायच्या. तरी तिथं वावरताना ती पातेलंसुद्धा वाजू नये असं ठेवायची. खोलीत एकटी असली तरी फोनवर माहेरी कुजबुजत बोलायची. ती सवय कधी लागली, तिलाही सांगता आलं नसतं.

हंबीरराव परत आले ते फोन ताटासारखा हातावर धरून.

"बोल गं पोरी, आता सगळ्यांस्नी ऐकू जातंय."

"ताई, खोटं कशाला बोलतीस?" वडूजहून साक्षीचा आवाज दुकानभर झाला. "आबा, ती लॅपटॉपवर फुटबॉल खेळती. सुट्टीला घरी आली की रोज खेळायची. मी हरले की मला चिडवून चिडवून रडवायची."

संयोगिताच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"आबा, ते आपलं... लहानपणीचं."

"लहानपनीचं?" हंबीरराव हसले. फोन त्यांनी काउंटरवर ठेवला. "लग्नाची तारीक धरायला आमी तुमच्याकडं आलो, तवाची गोष्ट. आमी भाईर च्या घेत बसलोय आन् आत तुमा दोघींचं भांडान. गोल झाला, गोल न्हाई झाला. तुजा आवाज पार रस्त्यापतुर. तुज्या आईला कुटं तोंड लपवू असं झालेलं. मला मातर लय बरं वाटलं. म्हनलं, घर कसं भरल्यागत हुईल."

ते थांबले. काउंटरच्या काचेवरची नसलेली धूळ त्यांनी तळव्यानं पुसली.

"आन् तू आलीस तर आवाजच न्हाई बघ. च्या ठेवून कवा गेलीस ते बी कळत न्हाई मला."

जीनत एका लॅपटॉपचा स्वच्छ पडदा पुन्हा पुसू लागली.

"बरं, ते जाऊ दे," हंबीरराव एकदम म्हणाले. "सगळ्यात जोरदार कंचा हाय, त्यो दावा."

जीनतनं मागच्या फळीवरून एक दांडगा लॅपटॉप उतरवला. बटणांखाली लाल-निळे दिवे लागले, आतला पंखा घुमायला लागला. हंबीररावांनी तो दोन्ही हातांनी उचलला. त्यांची मुद्रा खुलली.

"ह्याला म्हनायचं वजन! हाच बांधा."

"नको, आबा."

"असू दे गं. आता लाजू नगंस."

"लाजत न्हाई मी!"

पलीकडं प्रिंटर बघत असलेलं जोडपं वळून पाहू लागलं.

"लय जड हाय तो! चार्जरच विटंएवढा. बॅटरी दोन तासांत बसती, मग वर्गात मी काय भिंतीला चिकटून बसू? एसटीत उभं राहून रोज पाठीवर कोण वागवणार, तुमी? फुटबॉलला एवढं लागतच न्हाई! मधला घ्यायचा. कार्ड हाय त्यात, रॅम हाय, पुढं वाढवता बी येती. अभ्यास बी होतोय, खेळणं बी होतंय. आन् ठेवा तो खाली, पडंल हातातनं!"

हंबीररावांनी मुकाट्यानं तो खाली ठेवला.

संयोगितानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं.

"आबा, मी..."

हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग ते जीनतकडं वळले.

"ऐकलं न्हवं? मधला."

काउंटरवरचा फोन कुणी बंदच केला नव्हता.

"आबा," साक्षी म्हणाली, "घरी ओरडायची तश्शी ओरडली की ही."

"व्हय की," हंबीरराव फोनवर वाकून म्हणाले. "आन् ती बी माज्यावर!"