चुंबळीतला कापूस

"पोतं दारातच ठेव, सहादू. आत नको आनू."

गोजराबाईने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि सहादूने तिसऱ्यांदा कानाआड केलं. अंबडच्या कारखान्यातून तो पंधरा दिवसांनी हरसूलजवळच्या वाडीवर आला होता आणि आल्या आल्या त्याला चूल करायची होती. साधी नव्हे, मोबाइलवर पाहिलेली रॉकेट चूल. बायकोला, योगिनीला, सातवा महिना लागला होता आणि धुराने तिचा खोकला हटत नव्हता. तेव्हा त्याने मनावर घेतलं यात वावगं काही नव्हतं. तेलाचा डबा, त्यात काटकोनात वळवलेलं पत्र्याचं नळकांडं. खालून काटक्या सारायच्या, वरून जाळ निघतो आणि धूर आतल्या आत जळून जातो. अडलं होतं ते एवढ्यावरच, की डबा आणि नळकांडं यांच्यामधल्या पोकळीत भरायचं काय.

"माती भर की," गोजराबाई म्हणाली.

"माती जाळ खाती, आये. ती तापस्तोवर भाकर वाळून जाईल. हलकं काय तरी पायजे, ऊब कोंडून धरनारं."

"मंग तुसाची राख भर. भातगिरणीमागं तुसाचा डोंगर पडलाय."

"राख खाली बसती. हे बघ, हे इस्तवात टाकलं तरी जळत नाय. जुन्या बॉयलरवरचं हाय. भंगारात फुकट भेटलं."

त्याने पोत्याचं तोंड सोडलं. आत मळकट पांढरा कापूस होता. पौषातला वारा सुटला होता. त्यासरशी चार तंतू उडाले आणि उन्हात तरंगत राहिले. गोजराबाईने पदर नाकाला लावला.

हा कापूस तिच्या ओळखीचा होता. तिचा नवरा बहिरू अठरा वर्षं बॉयलरला हाच गुंडाळायचा. सुट्टीला घरी आला की ती त्याचा सदरा उंबऱ्यावर झटकायची. पांढरं पीठ उडायचं आणि ती हसून म्हणायची, आला बाई गिरणीवाला. शेवटी शेवटी चार पावलं टाकली तरी बहिरूला धाप लागायची. नाशिकच्या डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरला आणि आधी काम काय करत होता ते विचारलं. मग म्हणाला, ही अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत जाऊन बसते, वीस-वीस वर्षं गप्प राहते आणि मग उठते.

"सहादू, तुझा बाप ह्यानंच गेला."

"बाप बिडीनं गेला." सहादू हसला. "दुधानं तोंड पोळलं म्हनून तू ताक बी फुंकून पिती. अन् हे तं डब्यात बंद राहनार."

"डबा पत्र्याचा. दोन पावसाळ्यात गंजून भोकं पडत्याल. तवा तिथं तोंड घालून कोन बसनार, तू? पुढच्याला ठेच, मागचा शहाना म्हनत्यात. तू तं त्याच दगडावर पाय आपटायला निघाला!"

तेवढ्यात योगिनी विहिरीवरून आली. तिने हंडा उतरवला, डोक्यावरची चुंबळ काढून खुंटीला अडकवली आणि खोकत खोकत पदराने मान पुसली. चुंबळीचं कापड एका बाजूने विरलं होतं. तिथून पांढरे तंतू डोकावत होते आणि दोन-चार तिच्या केसांत अडकले होते.

गोजराबाई बघतच राहिली. चुंबळ तिचीच होती. बहिरूने एकदा मूठभर कापूस घरी आणला होता, "मऊ हाय, डोक्याला टोचनार नाय," म्हणून. तिने तो जुन्या लुगड्यात शिवला, त्यावर वीस वर्षं पाणी वाहिलं आणि सून आली तेव्हा ती चुंबळ कौतुकाने तिच्या हातात दिली. इतक्या वर्षांत आत काय आहे ते तिच्या ध्यानातही उरलं नव्हतं. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"सहादू, बादलीभर पानी आन."

"कशाला?"

"पानी शिंपडल्याबिगर अंगन झाडत नसत्यात, धूळ उडती."

तिने चुंबळ पाण्यात बुडवली आणि मग विळीवर चिरली. ओला पांढरा गोळा तिने पोत्यातल्या कापसाशेजारी धरला. सहादूने दोन्हीकडे पाहिलं, मग योगिनीच्या पोटाकडे पाहिलं. त्यानंतर तो हसला नाही.

बांधाकडेला कमरेएवढा खड्डा त्यानेच खणला. पोतं मात्र तिने त्याला धरू दिलं नाही.

"तू लांब हो. माझी ही धूळ खाऊन झालीय."

तोंडाला ओला पदर बांधून तिने पोतं भिजवलं आणि चुंबळीसकट पुरलं. योगिनीला तिने केसांवरून न्हायला लावलं. गिरणीतला तूस दोन दिवस धुमसत ठेवला, त्याची पांढरीफेक राख सहादूने डब्यात दाबून भरली आणि वरून चिकणमाती लिंपली. राख बसली तर अजून घालता येईल, असं आता तोच म्हणत होता.

चूल फर्र करून पेटली. तवा तापला आणि धुराचा मागमूसही दिसला नाही. आठवडाभरात योगिनीचा खोकला थांबला. गोजराबाईने देवापुढे साखर ठेवली.

त्याच दिवशी भाकरी खाताना गोजराबाईला ढास लागली. कोरडी आणि लांबलचक.

योगिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आत्याबाई, आता तं धूर बी नाय."

"नाय बाई, धूर नाय," गोजराबाई म्हणाली.

योगिनीने ती चुंबळ दोन वर्षं डोक्यावर घेतली होती. त्यापुढे डॉक्टरने सांगितलेली वीस. गोजराबाई बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली.