चाळिसावा गोळा

“कोण पावणं? या की आत,” मालुबाई म्हणाली.

खंडेनवमी होती. तिनं कोयता, खुरपी, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडली होती आणि तिचा नवरा भावकू डाव्या हातानं कुंकू लावत होता. उजवा हात मनगटापासून नाही. त्या हातापायीच मी काकतीहून खानापूरच्या बाजूला एवढ्या लांब आलो होतो.

“मी भरमू. रिटायर हवालदार. सहा वर्सांमागं तुमच्या माळावर लाँचर घेऊन आलतो न्हवं, त्यातला.”

भावकूनं पोतं अंथरलं. म्हणाला, “बसा आण्णा.”

त्या लाँचरची मला कोण हौस! नव्या बनावटीचा, चाचणीला आलेला. एका वेळी एकच गोळा. नळी बिजागरीवर वाकवून उघडायची, गोळा सारायचा, मिटवून उडवायचा, की परत उघडायची. हातबॉम्ब माणूस फेकून फेकून किती लांब फेकेल? हा पार ओढ्यापलीकडं टाकायचा. उडवायचे जवान, मोजायचं मी. जितके उडाले तितके फुटले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तरी तो सापडून जागेवर उडवल्याशिवाय माळ सोडायचा नाही, असा नियम.

त्या दिवशी चाळीस उडाले. चाळिसावा ओढ्याच्या खोलगटात गेला, धूर दिसला नाही. धप्प झाल्यासारखं मला वाटलं. वाटलं, एवढंच. मी वहीत फुटलेले चाळीस लिहिलं. जवानांनी माझ्याकडं बघितलंही. पण मी त्यांचा उस्ताद, शिकवणारा; उस्तादानं लिहिलं म्हटल्यावर कोण बोलणार!

“भावकू, माझा डावा कान गेलाय,” मी म्हणालो. “तवाबी गेलताच. उजवाबी अर्धाच. कळलं आसतं तर चाचणीतनं काढलं आसतं मला, म्हणून लपीवलं. तुझा हात गेल्यावर चौकशीत जुना गोळा म्हणून लिवलं, तवाबी गप ऱ्हायलो. तो माझा हुता. चाळिसावा.”

बोलून टाकलं. वाटलं होतं शिव्या घालेल, कोयता उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

भावकू काहीतरी पुटपुटला. मग माझ्या तोंडाकडं बघून मोठ्यानं म्हणाला, “म्या वरडलो हुतो की त्या दिशी. तुमच्या मागल्या बांधावर म्हसरं घिऊन हुतो. एक फुटला न्हाय आण्णा, म्हटलं. तुमी माज्याकडं बघून मान हलवलीसा. म्हटलं, बघून घेतलं आसंल फौजवाल्यांनी. म्हणून तर तिसऱ्या दिशी ते चकाकतंय ते हातात धरलं.”

अरे देवा! हलवली असणार. बहिऱ्याची सवयच ती. समोरच्याचं तोंड हलतं, आपण मान हलवतो, आणि लाज झाकली जाते. सहा वर्षं मी मोजणीतली चूक उराशी धरून बसलो होतो. ही दुसरी मला ठाऊकसुद्धा नव्हती.

मालुबाई कुंकवाची वाटी धरून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं; वाटी खाली ठेवून पुसायचंही तिला सुचलं नाही.

भावकू उठला. वळसा घालून माझ्या उजव्या अंगाला येऊन बसला, अगदी कानाशी.

“हिकडनं येतंय न्हवं ऐकू?”

“येतंय.”

“च्या घेणार?”

स्वच्छ ऐकू आलं. पण मान हलवायचा धीर होईना.